मिथकाला नेमकं काय विचारायचं? आणि जगाच्या इतिहासाला?

टाचणवही (धागाकर्ता)

इथे थोड्या थोड्या दिवसांनी एक धागा निघतोच: अमुक कथा खरंच घडली होती का? मग शंभरी गाठली जाते. निम्मे प्रतिसाद 'सगळं खरं' म्हणणाऱ्यांचे, निम्मे 'सगळ्या भाकडकथा' म्हणणाऱ्यांचे, आणि शेवटी संपादकांना कुलूप लावावं लागतं. मला दोन्ही पक्षांची एकच गोष्ट खटकते. घटना घडली तेव्हा तू तिथे होतास का, याखेरीज मिथकाला ते काही विचारतच नाहीत. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा हवा: ही कथा या रूपात सांगायची गरज कोणाला पडली, आणि कधी?

एक उदाहरण घ्या. आजच्या घानाच्या उत्तर भागात गोंजा नावाचं राज्य होतं. विसावं शतक उजाडताना ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिथली स्थापनेची कथा उतरवून घेतली. जाक्पा नावाचा मूळपुरुष आला, त्याने मुलूख जिंकला आणि आपल्या सात मुलांना एकेक प्रांत वाटून दिला. प्रांत तेव्हा सातच होते. साठेक वर्षांनी तीच कथा पुन्हा नोंदवली गेली. मधल्या काळात एक प्रांत शेजारच्यात विलीन झाला होता आणि एक सीमाबदलात गेला होता. नव्या कथेत जाक्पाला मुलगे पाच! जॅक गुडी आणि इयन वॅट यांनी १९६३ साली हे उदाहरण मांडलं. सांगणारे खोटं बोलत नव्हते. आजची वाटणी अशी का, हे सांगणं हेच त्या कथेचं काम होतं आणि ते ती चोख करत होती. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की मिथकाला समाजाची सनद म्हणायचा, ते याच अर्थाने. पहिली नोंद कागदावर नसती, तर 'पाच मुलगे' हाच प्राचीन इतिहास म्हणून आपण डोक्यावर घेतला असता.

आता जरा जवळचं. कलियुगातल्या राजवंशांच्या याद्या पुराणांत भविष्यकाळात दिल्या आहेत. नंद होतील, मौर्य होतील, शुंग होतील. यातली बरीच नावं नाण्यांवर आणि शिलालेखांत सापडतात, तेव्हा 'भाकडकथा' पक्षाने जरा सबुरीने घ्यावं. पण यादी संपते कुठे ते बघा. वायुपुराण म्हणतं, गुप्त वंशातले राजे गंगेकाठचा प्रदेश, प्रयाग, साकेत आणि मगध भोगतील. बस्स. समुद्रगुप्ताने पुढे काय काय जिंकलं याचा पत्ताच नाही. म्हणजे ही यादी चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात कोणीतरी बंद केली. जिथे भविष्य आटतं तिथे लेखक बसलेला असतो! बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकातही असंच. टॉलेमी आणि सेल्युकस घराण्यांच्या लढाया 'भविष्य' म्हणून अगदी तंतोतंत येतात, अँटायोकस चौथ्यापर्यंत. पुढे त्याचा अंत समुद्र आणि पवित्र डोंगर यांच्या मधे होईल असं म्हटलंय, आणि तो मेला इराणकडे, इ.स.पू. १६४ मध्ये. पॉर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने हे तिसऱ्या शतकातच दाखवून दिलं होतं.

इथवर बऱ्याच जणांना पटेल. पुढचं कदाचित पटणार नाही. 'जगाचा इतिहास' म्हणून जे मोठमोठे आराखडे आपण वाचतो, त्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या कवितेत सोनं, चांदी, कांसं, मग वीरपुरुष आणि शेवटी लोखंड, असा माणसाचा ऱ्हास होत जातो. थॉमसनने कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू दगड, कांसं, लोखंड अशा लावल्या आणि १८३६ साली ती पद्धत छापली. तिच्यात माणूस चढत जातो. धातू बऱ्यापैकी तेच, जिन्याची दिशा उलटी. थॉमसनची मांडणी उत्खननांत टिकली, हेसिअडची टिकायचा प्रश्नच नव्हता, हे मान्य. पण 'चढ' हा अर्थ काही त्या कुऱ्हाडींवर कोरलेला नव्हता.

अरब इतिहासकार इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलं की टोळ्या एकजुटीच्या जोरावर सत्ता घेतात, आणि शहरात स्थिरावल्या की तीन-चार पिढ्यांत ती एकजूट विरते. हा माणूस मगरिबातल्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, बुडत्या दरबारांत नोकऱ्या करून आला होता. संस्कृती जन्मतात, म्हाताऱ्या होतात आणि मरतात, असं सांगणारा श्पेंगलरचा पहिला खंड १९१८ साली निघाला आणि हरलेल्या जर्मनीने तो उचलून धरला. विल्यम मॅकनीलने १९६३ मध्ये पाश्चात्त्य जगाच्या उदयाभोवती जगाचा इतिहास गुंफला, आणि पंचवीसेक वर्षांनी स्वतःच लिहिलं की त्या पुस्तकात युद्धोत्तर अमेरिकेची साम्राज्यवादी मनःस्थिती उतरली होती. इतकं स्वच्छ बोलणारा इतिहासकार विरळा.

तर मंडळी, आता तुम्ही बोला!

निळीशाई

वाखुसा (वाचनखूण साठवली). गोंजाचं उदाहरण माहीत नव्हतं, भारी आहे. सावकाश वाचून लिहिते.

शून्यप्रहर

लेख छान, पण निष्कर्ष घाईचा वाटला. सांगणाऱ्याच्या गरजेवर सगळं ढकललं की कथेतला पुरावा बघायचाच नाही, अशी सोय होते. महाभारतात युद्धाच्या वेळची ग्रहस्थिती दिली आहे. आज संगणकावर मागच्या हजारो वर्षांचं आकाश पाहता येतं. मग तारीख काढायला हरकत काय? ग्रह काही कोणाच्या सनदेसाठी जागा बदलत नाहीत.

तिरपा_डोळा

हरकत काहीच नाही. तारखा निघाल्यात की! इ.स.पू. ५५६१ आहे, ३०६७ आहे, आणखीही आहेत. तेच श्लोक, तसलंच सॉफ्टवेअर, आणि फरक अडीच हजार वर्षांचा. हवी ती घ्या.

टाचणवही

तिरपाराव, चिमटा नको. शून्यप्रहर, तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रह जागा बदलत नाहीत, पण श्लोक बदलतात. भीष्मपर्वात एके ठिकाणी शनी रोहिणीला पीडा देतोय आणि तिथेच पुढे गुरू आणि शनी दोघे विशाखांच्या जवळ आहेत. रोहिणी आणि विशाखा आकाशाच्या जवळजवळ दोन टोकांना. शनीला सबंध राशिचक्र फिरायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे एकाच महिन्यात दोन्हीकडे हजेरी लावणं त्याला जमणारं नाही. मग अभ्यासक काय करतो? एक श्लोक 'दृष्टी' समजतो, दुसरा प्रक्षिप्त ठरवतो, आणि उरलेल्यांवर तारीख बसवतो. काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरलं की तारीख आपोआप ठरते. शिवाय ते वर्णन येतं उत्पातांच्या यादीत. त्याच यादीत अरुंधती वसिष्ठाच्या पुढे गेली आहे आणि देवांच्या मूर्ती हसतायत, थरथरतायत. तिथे पंचांग लिहायचा हेतू दिसत नाही.

दुसरं असं की आपल्या पूर्वजांचंच यावर एकमत नव्हतं. ऐहोळेच्या शिलालेखात रविकीर्ती शक ५५६, म्हणजे इ.स. ६३४ हे साल देतो आणि भारतयुद्धाला ३७३५ वर्षं झाली म्हणतो. हिशेब इ.स.पू. ३१०२ वर, म्हणजे कलियुगाच्या आरंभावर येतो. वराहमिहिराने वृद्धगर्गाच्या मताप्रमाणे युधिष्ठिराचा काळ शकापूर्वी २५२६ वर्षं धरला. कल्हण बाराव्या शतकात त्याच बाजूने उभा राहून म्हणतो की कलीची ६५३ वर्षं उलटल्यावर कौरव-पांडव झाले, आणि युद्ध द्वापाराच्या शेवटी झालं असं समजणारे फसलेत. साडेसहाशे वर्षांचं अंतर, आणि दोघेही परंपरेचाच हवाला देणारे.

ऐहोळेच्या त्या लेखाला माझा प्रश्न विचारा, बघा कसा बोलायला लागतो. पुलकेशी दुसरा हर्षाला अडवून बसलाय. कवी त्याची प्रशस्ती लिहितोय आणि स्वतःला कालिदास-भारवींच्या पंक्तीत बसवतोय. अशा माणसाला राजाचं साल थेट भारतयुद्धापासून मोजावंसं वाटलं. सातव्या शतकातल्या दख्खनच्या दरबाराबद्दल हा पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. युद्धाबद्दल नाही.

निळीशाई

अरुंधतीचा मुद्दा नेहमी तारखेच्याच अंगाने वाचला होता, यादीच्या संदर्भात कधी नाही. धन्यवाद.

गाळातला_शंख

माझं शिक्षण भूशास्त्रातलं आहे, तेव्हा मी दुसऱ्या टोकाकडून येतो. टाचणवही, तुमचा प्रश्न चांगला आहे, पण तो सगळीकडे 'पहिला' नाही. काही कथांत घटना इतकी घट्ट बसलेली असते की सांगणाऱ्याची गरज दुय्यम ठरते.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटापासून खाली ओरेगॉनपर्यंत, मूळ रहिवाशांत गरुडासारखा महाकाय मेघपक्षी आणि देवमासा यांच्या झुंजीच्या कथा आहेत. पक्षी माशाला उचलतो, आपटतो, जमीन हादरते, समुद्र चढतो. पाचेना उपसागराकाठच्या लोकांची आठवण तर अगदी नेमकी आहे: हिवाळ्याची रात्र, लोक झोपलेले, जमीन हलली, पाणी आलं आणि सगळी वस्ती गेली. १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक भूशास्त्रज्ञांना त्या किनाऱ्यावर महाभूकंप होतात हेच मान्य नव्हतं. मग ब्रायन ॲटवॉटर खाड्यांच्या चिखलात उतरला. किनारा एका झटक्यात खचलेला, दलदलीच्या मातीवर समुद्राच्या वाळूचा थर, आणि खाऱ्या पाण्यात उभ्याउभ्या मेलेली देवदाराची जंगलं. त्या खोडांच्या वलयांवरून कळलं की झाडं १६९९ चा हंगाम संपल्यानंतर आणि १७०० चा सुरू होण्याआधी मेली.

तारीख मिळाली ती पॅसिफिकच्या पलीकडून. जपानी गावांच्या दप्तरांत जानेवारी १७०० च्या शेवटाला एक त्सुनामी नोंदवलेली आहे: घरं वाहून गेली, भाताचं नुकसान झालं, आणि आधी भूकंप मात्र जाणवलाच नाही. केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लाटेचा प्रवास उलटा मोजला आणि भूकंप २६ जानेवारी १७०० ला रात्री नऊच्या सुमाराला झाला असं दाखवलं. तीव्रता जवळजवळ ९. हिवाळ्याची रात्र! कथेत तेच होतं आणि कोणी ते मनावर घेतलं नव्हतं.

हे झालं तीनशे वर्षांचं. ओरेगॉनमधल्या क्रेटर लेकची कथा बघा. क्लामथ लोक सांगतात की पाताळाचा ल्लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांची लढाई झाली, आग बरसली, डोंगर आत कोसळला आणि त्या खळग्यात पाणी भरलं. माझामा ज्वालामुखी खरोखरच असाच आत कोसळला, सुमारे ७७०० वर्षांपूर्वी. माणसं तेव्हा तिथे होती. फोर्ट रॉकच्या गुहेत त्याच राखेखाली झाडाच्या सालीपासून विणलेल्या चपला सापडल्या आहेत. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने मूळ रहिवाशांच्या कथा आहेत, 'इथे पूर्वी जमीन होती, समुद्र आला' अशा. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड यांनी एकवीस ठिकाणच्या कथा गोळा केल्या. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि तो चढायचा थांबला त्याला आता सात हजार वर्षं होतील. त्या कथा खरंच इतक्या जुन्या आहेत का, यावर वाद आहे. पण पाचेनाबद्दल वाद घालायला फारशी जागा नाही.

शून्यप्रहर

गाळातला_शंख यांना +१००. हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नाही.

तिरपा_डोळा

शंखराव, पाचेना एकदम मान्य. पण तुमच्याच धंद्यातल्या पुराव्याने लोक कसे घसरतात तेही सांगा ना! १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लेनर्ड वुली आजच्या इराकमधल्या उर इथे खणत होता. खापरं संपली, स्वच्छ गाळ लागला, तीनेक मीटर, आणि त्याखाली पुन्हा वस्ती. झालं! जलप्रलय सापडल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. नंतर कळलं की गाळ सबंध उर शहरातही पसरलेला नव्हता. किश आणि शुरुप्पकला लागलेले थर वेगळ्या शतकांतले. दोन नद्यांच्या मुखाशी राहणाऱ्यांना पूर येत राहतात, एवढाच काय तो शोध.

त्यात त्या कथेची कीर्तीच अशी. १८७२ च्या डिसेंबरात जॉर्ज स्मिथने निनेव्हेच्या विटांवरची प्रलयकथा लंडनमध्ये वाचून दाखवली, श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन. जहाज, डोंगर, सोडलेले पक्षी, सगळं नोआसारखं आणि नोआच्या लिखित रूपाहून जुनं. ते वाचल्यावर ब्रिटिश म्युझियममध्ये स्मिथ हर्षाने अंगावरचे कपडे काढायला लागला असं सांगतात. इतकी मोठी कथा म्हटल्यावर खाली काहीतरी मोठं सापडायलाच हवं, असं वुलीला वाटलं असेल तर नवल नाही.

टाचणवही

मला प्रलयकथांत घटनेपेक्षा कारणांचा फरक जास्त बोलका वाटतो. अत्राहसिसच्या अक्कादी कथेत माणसांची संख्या वाढते, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोपमोड होते, म्हणून तो पूर पाठवतो. नंतर तहानभुकेने कासावीस झालेले देव यज्ञाच्या वासावर माशांसारखे घोंगावतात, कारण त्यांना खाऊ घालणारं कोणी उरलेलं नसतं. बायबलमध्ये कारण पाप. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत मासा येतो आणि सरळ सांगतो की पूर येणार आहे. का येणार, ते विचारायचं नाही. मनूने कोणतं पुण्य केलं होतं तेही नाही. पुढे तो एकटाच उरतो, पाण्यात तूप आणि दही अर्पण करतो आणि त्यातून इडा जन्मते. कथा सांगणारे यज्ञ करणारे ब्राह्मण होते आणि त्यांना इडा नावाच्या हविर्भागाचं मूळ सांगायचं होतं. पूर आहे तो तिथवर पोचण्यापुरता.

पाचेनाचं मात्र मी नाकारत नाही. तिथे घटना आहेच. प्रश्न असा की ती तिथे का टिकली आणि गोंजात वंशावळ साठ वर्षंही का टिकली नाही?

वळणवाट

यावर माझं उत्तर आहे, पण आधी एक तिसरीच गोष्ट. तुम्ही सगळे एकेक कथा सुटी सुटी धरताय. जुन्या अभ्यासकांना वेड होतं ते सारखेपणाचं, आणि त्याला तीनच वाटा: एकाच मुळातून फुटल्या, एकमेकांकडून उचलल्या, किंवा माणसाचं डोकंच सगळीकडे सारखं चालतं.

सप्तर्षींचंच घ्या. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय लोकांत चौकोनातले चार तारे म्हणजे अस्वल आणि शेपटीतले तीन म्हणजे शिकारी. शरद ऋतूत अस्वल जखमी होतं, त्याचं रक्त सांडतं आणि जंगलातली पानं लाल होतात. सायबेरियातले एव्हेंक तिथेच एल्कची (मोठ्या हरणाची) शिकार बघतात. ग्रीकांचंही तिथे अस्वलच, कॅलिस्टो. त्या ताऱ्यांत चतुष्पाद प्राणी काही आपणहून दिसत नाही, चमचा दिसतो. म्हणून काही जण म्हणतात की ही कथा सायबेरिया आणि अलास्का यांना जोडणारी बेरिंगची जमीन बुडण्याआधीच माणसांबरोबर अमेरिकेत गेली असणार. ज्युलियन द्युई याने जीवशास्त्रात प्रजातींचे वंशवृक्ष काढतात तसे या कथांचे काढले. मला मोह पडतो, पण कथा जीन्ससारख्या खालीच उतरत नाहीत, आडव्याही पसरतात. एक चांगला कथेकरी आणि एक बाजारपेठ असली की वृक्षाचं जाळं होतं.

सारखेपणाचा अतिरेक कुठे जातो त्याचा नमुना म्हणजे मॅक्स म्युलर. देवकथा म्हणजे मुळात सूर्याची, पहाटेची वर्णनं, असं त्याचं म्हणणं. १८७० मध्ये लिट्लडेल नावाच्या पाद्र्याने त्याचीच पद्धत वापरून सिद्ध केलं की मॅक्स म्युलर नावाचा माणूस झालाच नाही, तो एक सूर्यमिथक आहे! पद्धत तपासायची असेल तर तिने काहीही सिद्ध होतं का ते बघावं.

आता मूळ प्रश्न. फ्रेंच इतिहासकार ब्रोदेल इतिहासात काळाच्या तीन गती मानतो. भूगोलाची अतिसंथ, समाज आणि अर्थव्यवहाराची मध्यम, आणि राजे-लढायांची झटपट. (टाचणवहींना आवडेल असं अवांतर: हा आराखडा त्याने जर्मनांच्या युद्धकैदेत, बराचसा आठवणीतून लिहिला, आणि रोजच्या बातम्यांपासून लांब जायची गरज होती असं स्वतःच सांगितलं.) माझा अंदाज असा की मिथकातली आठवण ज्या गतीच्या गोष्टीला बांधलेली असेल तितकी ती टिकते. क्रेटर लेक अजून तिथेच आहे. दर पिढीतलं पोर ते तळं बघून विचारतं, हे कसं झालं? आणि त्या उत्तरात फेरफार करून कोणाच्या जमिनीचा हिस्सा वाढत नाही. जाक्पाच्या मुलांची संख्या बदलली की मात्र वाढतो.

गाळातला_शंख

अगदी! तळं हाच त्या कथेचा दस्तऐवज.

भुंगा_पोखरतो

इतकी चर्चा झाली आणि अटलांटिसचं कोणी नाव काढलं नाही? ते पण समुद्रात बुडालंच ना. जमिनी बुडतात हे शंखरावांनीच सांगितलं.

तिरपा_डोळा

घ्या, आलं! अटलांटिसला मौखिक परंपराच नाही हो. इ.स.पू. चौथ्या शतकात प्लेटो सांगतो, त्याच्याआधी कोणाच्याही लिखाणात नाही. त्याला गर्विष्ठ साम्राज्य आणि सद्गुणी अथेन्स यांची गाठ घालून द्यायची होती.

त्यापेक्षा लेम्युरिया मजेदार आहे. लेमूर जातीच्या प्राण्यांचं कोडं सोडवायला प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटरने १८६४ मध्ये हिंदी महासागरात एक बुडालेला भूखंड कल्पिला. तेव्हाच्या मानाने चांगलं शास्त्रीय गृहीतक. मग थिऑसॉफीवाल्यांनी तिथे आदिमानव वसवले, आणि तमिळ अभिमान्यांनी त्याची सांगड समुद्राने गिळलेल्या पांड्य भूमीच्या जुन्या उल्लेखांशी घालून कुमरी कंडम उभं केलं. खंड सरकतात हे कळल्यावर शास्त्राने लेम्युरिया सोडून दिला, लोकांनी नाही. शास्त्रातून मिथक, असा उलटा प्रवास बघायला मिळतो तो इथे.

भुंगा_पोखरतो

म्हणजे अटलांटिस नाही. बरं.

निळीशाई

सावकाश लिहिते म्हटलं होतं. माझा मुद्दा जेत्यांच्या मिथकांबद्दल आहे, आणि तो जगाच्या इतिहासाच्या आराखड्यांना थेट लागतो.

शाळेत सगळेच वाचतात की १५१९ मध्ये स्पॅनिश सरदार कोर्टेस मेक्सिकोत आला तेव्हा ॲझ्टेक राजा मोक्तेसुमाला तो परत आलेला केत्सालकोआत्ल देव वाटला आणि म्हणून मूठभर स्पॅनिशांपुढे साम्राज्य ढासळलं. गंमत म्हणजे कोर्टेसने स्वतः राजाला पाठवलेल्या पत्रांत केत्सालकोआत्लचं नावही नाही. ती ओळख पक्की होते पराभवानंतर काही दशकांनी, मिशनऱ्यांच्या आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्थानिक लेखकांच्या लिखाणात. कमिला टाउनसेंडने हे नीट उलगडून दाखवलंय. स्पॅनिशांना ही कथा सोयीची, कारण जिंकणं दैवी ठरतं. हरलेल्यांच्या मुलांनाही सोयीची, कारण बापजाद्यांच्या हरण्याला कारण मिळतं. यात गायब काय होतं? ॲझ्टेकांशी वैर असलेल्या त्लाश्कालाचे हजारो योद्धे, जे कोर्टेसच्या बाजूने लढले, आणि १५२० ची देवीच्या रोगाची साथ. 'युरोपचा उदय' असं नाव दिलेल्या प्रकरणात ही कथा बसवली की प्रकरण छान वाहतं, हे मला जास्त घातक वाटतं.

म्हणून मॅकनीलचं कौतुक करताना हेही बघा की आराखडा लेखकाने परत तपासला, तरी आतल्या कथा पाठ्यपुस्तकांत तशाच राहतात.

वळणवाट

निळीशाई, सहमत. आणि वेगळ्या जातीचा एक पुरावा, म्हणजे देवांची नावं सनदेत नाहीत, चक्क करारात. इ.स.पू. चौदाव्या शतकात हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि शेजारच्या मितन्नी राज्याचा शत्तिवाझा यांच्यात तह झाला. साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. आजच्या तुर्कस्तानातल्या हत्तुशाच्या दप्तरात ती मातीची वीट सापडली. इथे कथा नाहीच, देव जामीन म्हणून सही करतायत. पण वैदिक देवांचा नक्की काळाशी बांधलेला हा सगळ्यात जुना उल्लेख.

शून्यप्रहर

बरं, मग माझा शेवटचा प्रयत्न. हस्तिनापूर. पुराणं म्हणतात की परीक्षितानंतर काही पिढ्यांनी निचक्षूच्या काळात गंगेने हस्तिनापूर वाहून नेलं आणि त्याने राजधानी कौशांबीला हलवली. १९५० ते ५२ मध्ये बी. बी. लाल यांनी तिथे उत्खनन केलं आणि राखाडी चित्रित भांड्यांच्या थरावर पुराने खरवडल्याच्या खुणा मिळाल्या. काळ त्यांनी इ.स.पू. ८०० च्या आसपास धरला. हा पूर तरी मान्य कराल?

गाळातला_शंख

गंगा त्या पट्ट्यात पात्र बदलत आली आहे, तेव्हा पुराबद्दल मला शंका नाही. हाच तो निचक्षूचा पूर, हे सिद्ध करायला गाळात नाव लिहिलेलं लागेल.

टाचणवही

मी मान्य करतो. पण कथेचा दुसरा अर्धा भागही वाचा ना. बुद्धाच्या काळी कौशांबीला वत्स राजे होते, उदयन त्यातलाच, आणि ते स्वतःला कुरुवंशी म्हणवत. कुरूंची जागा तर गंगेच्या वरच्या अंगाला, कित्येक योजनं दूर. मग तुम्ही कुरू कसे? तर पुराने हलवलं. नेमका हाच दुवा निचक्षू पुरवतो. पूर खरा असेल, तरी असे कैक पूर येऊन विसरले गेले आणि हा वंशावळीत राहिला, तो कौशांबीला हवा होता म्हणून. वळणवाटच्या भाषेत, तळ्याची आठवण आणि जाक्पाची मुलं एकाच श्लोकात.

शून्यप्रहर

हं. यावर कुरकुर करता येईल, पण आज नको. उदयनाच्या आधीच्या राजांची नावं पुराणांत आणि बौद्ध-जैन ग्रंथांत कितपत जुळतात ते काढून बघतो. जुळली नाहीत तर तुमचं पारडं जड.

गाळातला_शंख

आणि कौशांबीच्या तटबंदीच्या तारखांवरून पुरातत्त्ववाल्यांत जी जुंपलेली आहे ती आधी वाचा, सगळा डोलारा तिच्यावर आहे. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे फारच अवांतर होईल.